रिकामा ट्रक का उडतो: जुन्या टाटा-मर्सिडीजला मागे हवेचं सस्पेन्शन बसवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका कुटुंबाकडे लांब नाकाचा टाटा-मर्सिडीज ट्रक आहे. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४ पासून १९६९ पर्यंत चालला. तो संपला आणि नाकावरच्या मर्सिडीजच्या ताऱ्याच्या जागी टाटांचा 'टी' आला. या गाडीच्या नाकावर तारा आहे, म्हणजे कागद न उघडताही तिचं वय ठरतं. मॉडेल १२१०, म्हणजे भरलेलं एकूण वजन १२ टन आणि इंजिन १०० हॉर्सपॉवरचं.

मालकाच्या वडिलांनी ती सत्तरच्या दशकात सेकंडहँड घेतली आणि खाणीवरून सारमानसच्या जेटीपर्यंत खनिज ओढलं. तिथून पुढे बार्ज, मांडवी आणि मुरगाव बंदर. नंतर घरात नवे टिपर आले, पण पहिली गाडी विकायची नाही असं वडिलांनी ठरवलेलं. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. टिपर एकेक करून गेले. तारा राहिला.

मुलाने, म्हणजे आजच्या मालकाने, ती हळूहळू उभी केली. इंजिन उघडून बांधलं, टिपरची लोखंडी बॉडी काढून जुन्या फोटोंवरून लाकडी बॉडी बसवली. आता तिला वर्षातून मोजकंच काम असतं: गावच्या नाट्यमंडळाचं नेपथ्य एका देवळाच्या मंडपातून दुसऱ्या मंडपात नेणं, शिगम्यात चित्ररथ, आणि एरवी सुट्टीच्या सकाळी वडिलांना घेऊन जवळच्या साखळी शहरापर्यंत एक फेरी. वडील सत्तरी ओलांडलेले, कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया झालेली. गाडी ते स्वतः चालवत नाहीत, पण शेजारच्या सीटवर बसल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर जाऊ देत नाहीत.

मी या कामात मोजमापं आणि आराखडा बघायला होतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गाडीबद्दलचे तसेच ठेवले आहेत.

अडचण

तक्रार एका वाक्याची होती. मालक म्हणाला, "बाबा फेरीवरून आले की दोन दिवस आडवे असतात."

दुसरी तक्रार नाट्यमंडळाची. फ्लॅट (देखाव्याच्या उभ्या चौकटी), परदे, लाइटचे स्टँड, हार्मोनियमची पेटी हे सगळं मिळून टन-दीड टनाच्या आत. गतिरोधकावर मागचा भाग असा उडायचा की फ्लॅटच्या चौकटी सांध्यात निखळायच्या. एकदा लाइट कमी-जास्त करणाऱ्या डिमरची पेटीच फुटली. तेव्हापासून मंडळातले लोक नेपथ्यासोबत गाद्या भरू लागले होते.

खनिज ओढलेल्या कोणत्याही ड्रायव्हरला विचारा, तो सांगेल की भरलेली गाडी पाण्यासारखी जाते आणि रिकामी गाडी हाडं मोजते. यात कोडं काही नाही. मागचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या थरांची स्प्रिंग, सात-आठ टनांसाठी बनवलेले. टन-दीड टनाला ते वाकतच नाहीत, त्यामुळे खड्ड्याचा धक्का जसाच्या तसा चॅसिसमध्ये जातो. खाणीच्या दिवसांत निम्मा प्रवास रिकामा असायचा, पण तेव्हा ड्रायव्हर तिशीतला होता. आता ही गाडी जवळपास कायमच रिकामी असते. म्हणजे गाडी तीच राहिली आणि काम बदललं. पाटे मात्र जुन्याच कामाचे होते.

मोजमाप

काहीही उघडण्याआधी गाडी वजनकाट्यावर नेली. अ‍ॅक्सल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा. पुढचा अ‍ॅक्सल साधारण २.२ टन, मागचा २ टन. मागच्या दोन टनांतून अ‍ॅक्सल, चाकं, टायर असं जमिनीवरच बसलेलं ८०० किलो वजा केलं की पाट्यांवर प्रत्यक्ष टेकलेलं वजन उरतं १.२ टन.

मग चॅसिस जॅकवर घेऊन पाटे मोकळे होऊ दिले आणि परत खाली सोडलं. फरक अडीच सेंटिमीटर. या एका आकड्यावर पुढचं सगळं उभं आहे. वजनाने स्प्रिंग किती सेंटिमीटर दबते त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ५ ला त्याने भागायचं, की सेकंदाला किती हेलकावे बसतात ते मिळतं. अडीच सेंटिमीटरला उत्तर येतं ३.२. गाडी पूर्ण भरली, म्हणजे पाट्यांवर ७.२ टन आले, तर तेच पाटे १५ सेंटिमीटर दबतील आणि हेलकावे १.३ वर येतील. प्रत्यक्षात हेल्पर पाटे (जास्त ओझ्यालाच टेकणारे जादा पाटे) लागल्यावर आकडा थोडा चढतो, पण अंतर तेवढंच मोठं राहतं.

माणसाचं शरीर उभ्या दिशेच्या ४ ते ८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४ ते ८ वेळा होणाऱ्या, कंपनांना सगळ्यात हळवं असतं. ३.२ हा त्या पट्ट्याला अगदी खेटून आहे. त्यात पाट्यांच्या थरांमध्ये गंज. दमट हवा, लाल माती, आणि वर्षभरात फारशी न हलणारी गाडी, त्यामुळे थर एकमेकांना चिकटलेले. लहान खड्ड्यावर ते सरकतच नाहीत आणि पूर्ण जुडी एकाच जाड पट्टीसारखी वागते. मालकाने फोनमधल्या कंपनमापकाने केबिनच्या तळावर नोंद घेतली तेव्हा शिखर, म्हणजे सगळ्यात जोराच्या कंपनाचा आकडा, हिशोबापेक्षाही वर दिसलं. कारण हे चिकटणं.

पुढच्या बाजूची गोष्ट वेगळी. तिथे इंजिन कायम बसलेलं. भरल्या-रिकाम्या गाडीत पुढच्या अ‍ॅक्सलवरचं वजन मागच्याइतकं बदलत नाही, त्यामुळे तिथले पाटे त्यांच्या वजनाला बरेच जुळलेले होते. मग प्रश्न आला: वडील बसतात केबिनमध्ये, तर मागचा अ‍ॅक्सल मऊ करून त्यांना काय मिळणार? उत्तर गाडीच्या नाकात आहे. चपट्या तोंडाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हर पुढच्या चाकावर बसतो. लांब नाकाच्या गाडीत इंजिन पुढे आणि केबिन त्याच्या मागे, म्हणजे दोन्ही अ‍ॅक्सलच्या मध्ये. मागचं चाक उडालं की चॅसिस पुढे झुकते आणि केबिनमधल्या माणसाची पाठ सीटवर आपटते. वडील ज्याला 'पाठीत बुक्की' म्हणत ती ही. वर-खाली हलण्यापेक्षा हे पुढे-मागे आपटणं मणक्याला जास्त लागत होतं.

पर्याय

पहिला सल्ला पाटेवाल्याचा आणि तो अगदी सरळ होता. "भाऊ, चार पाटे काढा, हेल्पर काढून ठेवा. झालं."

मुख्य जुडीत नऊ पाटे होते. चार काढले की कडकपणा ढोबळमानाने नऊतून पाचवर येतो, रिकामी गाडी साडेचार सेंटिमीटर दबते आणि हेलकावे २.४ वर उतरतात. ३.२ वरून २.४ हा फरक लहान नाही, आणि खर्च जवळपास शून्य. हा पर्याय मला आजही वाईट वाटत नाही. ज्याची गाडी फक्त मिरवायला निघते त्याने इथेच थांबावं. पण आम्हाला १.४ च्या आसपास जायचं होतं. त्यासाठी पाटे तेरा सेंटिमीटर दबायला हवेत, म्हणजे कडकपणा आजच्या एक पंचमांश. नऊ पाट्यांतले दोनही उरत नाहीत. आणि अशा मऊ पाट्यांवर नेपथ्याचं दीड टन चढवलं की गाडी आणखी सोळा सेंटिमीटर बसणार, म्हणजे चॅसिस अ‍ॅक्सलवर आपटणार. शिवाय पाटा नुसतं वजन पेलत नाही. अ‍ॅक्सल जागेवर धरणं, ब्रेक मारताना त्याला फिरू न देणं हीही त्याचीच कामं. एक-दोन पाट्यांवर ब्रेक दाबला तर ते पाटे पिळवटतात.

दुसरा पर्याय पॅराबोलिक पाट्यांचा. मध्ये जाड, टोकांना निमुळते, थर कमी, आणि मधला भाग व टोकं सोडून कुठे एकमेकांना न घासणारे. घर्षणाचा त्रास त्यात मिटतो. पण या गाडीच्या मापाचे तयार मिळेनात. करून घ्यायचे तर एका जोडीसाठी कोणी भट्टी लावेना. आणि वजन बदललं की वागणं बदलतं हा मूळ मुद्दा तिथेही शिल्लक राहतोच.

तिसरा पर्याय मालकाने इंटरनेटवर पाहून आणला: आहेत त्या पाट्यांवर दोन छोटे बलून (हवा भरलेल्या रबरी पिशव्या) बसवायचे, केबिनमधून हवा भरायची. जाहिरातीत शब्द 'एअर सस्पेन्शन' असाच होता. इथे मात्र मी अडून बसलो. पाट्याच्या जोडीला बलून लावला की दोघांचा कडकपणा एकत्र जमा होतो, वजा होत नाही. मागे बसणारी, ओझ्याने झुकणारी गाडी उचलून धरायला ते उत्तम. आमची गाडी झुकत नव्हती, उडत होती. तिला ते बसवले असते तर पैसे देऊन ती आणखी कडक केली असती. 'हवा लावली की गाडी मऊ' हा समज इतका पसरला आहे की हा मुद्दा मालकाला पटवायला आकडे पुरले नाहीत. शेवटी असे बलून लावलेल्या एका पिकअपमध्ये त्याला रिकामं फिरवून आणलं.

चौथा पर्याय पूर्ण हवेचा. मागचे पाटे काढून अ‍ॅक्सल दांड्यांनी धरायचा आणि वजन फक्त बलूनवर ठेवायचं. बलूनची खुबी अशी की वजन वाढलं की त्यातला दाब वाढवता येतो, आणि दाबासोबत कडकपणाही वाढतो. म्हणून रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे हेलकावे जवळपास सारखे राहतात. चॅसिसवर बसवलेला लेव्हलिंग व्हॉल्व्ह एका छोट्या दांडीने अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. गाडी बसली की तो हवा भरतो, उठली की सोडतो, आणि उंची कायम राहते. २००१ मध्ये व्होल्वोच्या बस आपल्या रस्त्यांवर आल्यापासून ज्याने रात्रीचा लांबचा प्रवास केला आहे, त्याने हे अनुभवलेलंच आहे.

वडिलांचा आक्षेप

वडिलांना हे अजिबात मान्य नव्हतं. "हवेवर ट्रक चालवतात काय रे?"

"टायर कशावर चालतात, बाबा?"

यावर ते हसले, पण मागे हटले नाहीत. पाटा तुटला तर लाकडाचा ठोकळा आणि साखळी बांधून गाडी घरी येते, हे त्यांनी कितीदा केलेलं. बलून फुटला तर काय? याला उत्तर होतं: बलूनच्या आत रबरी ठोकळा असतो. हवा गेली की गाडी त्यावर बसते आणि हळूहळू, हाडं मोजत का होईना, घरी येते.

त्यांचा दुसरा प्रश्न मात्र आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नव्हता. या गाडीच्या ब्रेकला हवेची मदत आहे, म्हणून इंजिनावर कॉम्प्रेसर आधीपासून होता. मेकॅनिक आणि मालक दोघेही याच गोष्टीवर खूश होते, कारण वेगळा कॉम्प्रेसर घ्यावा लागणार नव्हता. वडिलांनी विचारलं, "बलूनची नळी फाटली आणि सगळी हवा तिथून गेली, तर माझा ब्रेक कुठला?"

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय या प्रश्नाने घडवला. ब्रेकच्या टाकीतून थेट नळी काढण्याचा बेत तिथेच संपला. बलूनसाठी वेगळी टाकी आणि दोन्हींच्या मध्ये प्रोटेक्शन व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह ब्रेकच्या बाजूला ठरलेला दाब झाल्याशिवाय पलीकडे हवा सोडत नाही, आणि पलीकडून गळती झाली तर ठरलेल्या दाबावर बंद होतो. गाडी सुरू केली की आधी ब्रेक भरतो, मग बलून. सस्पेन्शनसाठी थांबावं लागलं तर लागू दे.

कागद आणि कायदा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणी पुस्तकातल्या आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडक शब्दांत पुन्हा सांगितलं. दुसरीकडे, जुलै २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली. तिच्यात वाहन मूळ रूपात असावं, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. ही नोंदणी घेतली की व्यावसायिक वापर बंद आणि रोजचं फिरणंही बंद. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर.

मालकाला ही नोंदणी पुढेमागे हवी होती. पण ती घेतली तर नाट्यमंडळाचं काम सुटतं. शिवाय नियम दुचाकी-चारचाकीचा आहे. मागे जोडचाकं असलेला ट्रक त्यात कसा बसतो, हा प्रश्न होताच. त्याने आराखड्यासह लेखी अर्ज वाहतूक खात्याकडे दिला आणि सध्याचे ट्रकचे कागद चालू ठेवले.

आमच्या बाजूने यातून एकच अट निघाली: जे काही बसवू ते बोल्ट खोलून काढता आलं पाहिजे. चॅसिसवर वेल्डिंग नाही, कापाकापी नाही. शक्यतो जुन्याच भोकांत बोल्ट. नवीन भोक पाडावंच लागलं तर चॅसिसच्या उभ्या अंगात, वरच्या-खालच्या आडव्या कडेला हात लावायचा नाही, कारण वाकण्याचा सगळा ताण त्या कडांवर येतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. ही अट गाडीच्या तब्येतीसाठीही योग्य होती. कायदा नसता तरी मी तीच घातली असती.

काम

बलून यायला वेळ लागणार होता, म्हणून आधी बाकीची कामं काढली. पुढचे पाटे उतरवले, थर सुटे करून गंज घासला, ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बांधले. एका जुडीचा सेंटर बोल्ट आतल्या आत तुटलेला निघाला. कोणालाच पत्ता नव्हता. शॅकलच्या (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या कडीच्या) पिना आणि बुश बदलले. टायरमध्ये जुन्या सवयीने भरलेल्या गाडीची हवा असायची, १०० पौंड. टायरचा वजनाप्रमाणे हवेचा तक्ता पाहून ती रिकाम्या गाडीला शोभेल इतकी उतरवली. केबिनचे रबर माउंटिंग दगड झालेले, तेही बदलले. सीटमध्ये नवा फोम.

मग मागची बाजू. अ‍ॅक्सल धरायला खाली दोन लांब दांड्या, त्यांची पुढची टोकं मूळ पाट्यांच्याच पुढच्या ब्रॅकेटमध्ये. वर दोन आखूड दांड्या, ब्रेकच्या वेळी अ‍ॅक्सलला फिरू न देण्यासाठी. अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून एक तिरपी पॅनहार्ड दांडी. बलून अ‍ॅक्सलवरच्या बैठकीवर, आणि बैठक पाट्यांच्या जागी यू-बोल्टनी आवळलेली.

बलून किती आणि केवढे, यावर विक्रेत्याशी बरंच झालं. त्याच्याकडे बसचा पूर्ण संच होता, मागच्या अ‍ॅक्सलला चार मोठे बलून. "ट्रक आहे, मोठेच घ्या." हिशोब उलटा सांगत होता. आमचं रिकामं वजन १.२ टन. दोन मध्यम बलूनवर ते वाटलं तर प्रत्येकी ६०० किलो, आणि दाब येतो १७ पौंडांच्या आसपास. नेपथ्य भरलं की ३८-४०. चार मोठे घेतले असते तर रिकाम्या गाडीत आठ-नऊ पौंडही झाले नसते. इतक्या कमी दाबावर बलूनचा रबर नीट ताणलेला राहत नाही, दुमडतो आणि घासून फाटतो. दोनच घेतले. त्यामुळे ही गाडी आता कधीच खनिज ओढू शकणार नाही, हे मालकाकडून स्पष्ट कबूल करून घेतलं. बॉडीवर आतून वजनाची मर्यादा रंगवली, कारण उद्या कोणी चिरे भरायला गाडी मागेल आणि नाही म्हणणं जड जाईल.

मागे शॉकअप, म्हणजे स्प्रिंगचं झुलणं थांबवणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मुळात नव्हते. कित्येक जुन्या ट्रकना नसत, कारण पाट्यांचं आपसातलं घासणं तेच काम करायचं. बलून घासत नाही. त्याला शॉकअप नसेल तर गाडी एका खड्ड्यानंतर विजेच्या दोन खांबांपर्यंत झुलत राहील. दोन नवे शॉकअप, ब्रॅकेटसह.

उंची ठरवताना प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा) कोन पाहिला. पाट्यांवर रिकामी गाडी ज्या उंचीला उभी असायची तीच ठेवावी असं मेकॅनिकला वाटत होतं, म्हणजे दिसायला फरक नको. पण तिथे शाफ्ट जास्त तिरका होता. गाडी थोडी खाली घेतली, जिथे शाफ्टच्या दोन टोकांच्या क्रॉस जॉइंटचे दोन्ही कोन जुळले. चाळीसच्या वेगाला केबिनमध्ये जी बारीक थरथर असायची ती त्यामुळे गेली. ती सस्पेन्शनची आहे असं सगळे इतकी वर्षं समजत होते.

परिणाम

ब्रेकची चाचणी आधी. टाक्या भरल्या, इंजिन बंद केलं आणि बलूनच्या टाकीचा ड्रेन (तळाची सोडतोटी) पूर्ण उघडला. ब्रेकचा काटा ८० पौंडांवर आला आणि थांबला. वडील स्वतः सीटवर बसून काटा पाहत होते. ब्रेक दाबून पाहिला, पुन्हा दाबला. नंतर ते या विषयावर बोलले नाहीत.

त्याच साखळी रस्त्यावर, त्याच वेगाने फोनवर नोंद घेतली तेव्हा मागच्या बाजूचं शिखर १.४-१.५ वर उतरलं होतं, रिकाम्या गाडीत आणि नेपथ्यासह दोन्ही वेळा. पाठीतली बुक्की गेली. नाट्यमंडळाने गाद्या भरणं बंद केलं.

पण पहिला मोठा दोषही लगेच दिसला. नेपथ्याचे फ्लॅट उंच असतात. मोर्ले-केरीकडच्या वळणांवर गाडी मागून अशी कलली की पाठीमागून मोटरसायकलवर येणाऱ्या मंडळातल्या पोरांनी हॉर्न वाजवून थांबवलं. पाटे रुंद अंतरावर बसून गाडीला कलू देत नव्हते. आमचे दोन्ही बलून एकाच लेव्हलिंग व्हॉल्व्हवर, नळीने जोडलेले, त्यामुळे वळणावर दाबलेल्या बाजूची हवा हलक्या बाजूला जायची. अँटी-रोल बार (वळणावर गाडीला कलू न देणारी आडवी दांडी) बसवला, नळीत बारीक छिद्राची चकती घातली, तेव्हा कलणं आटोक्यात आलं. ते काम होईपर्यंत एक प्रयोग मात्र भाड्याच्या टेम्पोवर न्यावा लागला.

देखभाल वाढली आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. गोव्याच्या पावसाळ्यात हवेसोबत पाणी येतं. टाक्यांचे ड्रेन दर फेरीनंतर उघडावे लागतात, नाहीतर व्हॉल्व्ह आतून गंजतात. हवेतलं पाणी काढणारा एअर ड्रायर नंतर घेतला. गाडी बरेच दिवस उभी राहिली की हवा हळूहळू जाते आणि मागचा भाग खाली बसतो. सुरू करून दाब भरेपर्यंत थांबावं लागतं. लाल माती बलूनच्या घडीत आणि खालच्या पिस्टनवर साठते आणि सँडपेपरसारखी घासते, म्हणून दर धुण्यात तिथे पाण्याचा पाइप आधी. पाट्यांना हे काही लागत नव्हतं. खर्च पाटे दुरुस्त करण्याच्या चारपट तरी झाला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा प्रश्न क्रमाचा. पुढचे पाटे, बुश, टायरची हवा, केबिनचे रबर आणि सीट एवढं झाल्यावर, बलून यायच्या आधीच वडील म्हणाले होते, "अर्धं दुखणं गेलं." कंपनमापकानेही केबिनमधले बारीक धक्के बरेच उतरलेले दाखवले. बलूनचे पैसे तोवर देऊन झालेले. आधी ही कामं, सोबत मागचे चार पाटे काढून बघणं, आणि एक पूर्ण हंगाम तसाच चालवणं, असा क्रम ठेवता आला असता. फक्त वडिलांच्या पाठीचा विचार केला तर कदाचित तिथेच थांबता आलं असतं. नेपथ्याचं बदलतं ओझं नसतं तर हवेची बाजू मला स्वतःला मांडता आली नसती. टन-दीड टनाचा चढ-उतार आहे म्हणून ती टिकते.

अँटी-रोल बार पहिल्या आराखड्यात हवा होता. दांड्यांवर अ‍ॅक्सल धरायचा ठरवलं तेव्हाच तो ठरायला हवा होता. वजनाचा हिशोब किलोमध्ये झाला, ओझं किती उंच आहे हे कुणी मोजलं नाही. मंडळाच्या एखाद्या माणसाला सुरुवातीलाच बसवून विचारलं असतं तर फ्लॅटची उंची पहिल्या पाच मिनिटांत कळली असती.

पुढे हवा न लावण्याचा निर्णय मालकाला अधूनमधून खटकतो. चारही बाजूंना बलून असते तर गाडी आणखी मऊ झाली असती, असं त्याचं म्हणणं. माझं मत बदललेलं नाही. पुढे पाटाच स्टीअरिंगच्या दांड्यांची भूमिती सांभाळतो. तो काढला की स्टीअरिंगही नव्याने आखावं लागतं, आणि वजन फारसं न बदलणाऱ्या अ‍ॅक्सलला त्यातून मिळणारा फायदा थोडा.

वाहतूक खात्याचं उत्तर अजून आलेलं नाही. मूळ रूपच हवं असं उत्तर आलं, तर त्याची तयारी आहे. मागचे पाटे घासून, तेल लावून, डावे-उजवे अशा खुणा करून गोठ्याच्या माळ्यावर ठेवले आहेत. हेल्पर आणि शॅकल पिनाही सोबत. यू-बोल्ट मात्र नवे लागतील, कारण एकदा आवळून ताणलेले यू-बोल्ट परत वापरायचे नाहीत. त्यांचं माप मेकॅनिकच्या वहीत लिहून घेतलं आहे. दोन माणसं लागली तर दोन दिवसांचं काम.